आक्काच्या लुगड्याला खिसा

एका बाईचं मरण माझ्यामुळं लांबणीवर पडलं आहे. खरं तर याबद्दल गल्लीनं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा होता. केला नाही. उलट मी कुणाच्या घरी गेले की बायका बोलता बोलता उठतात आणि कपाटाला किल्ली लावून येतात.

मी इस्लामपुरात राहते आणि एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आमचे हे साखर कारखान्यात कारकून आहेत. मुलगा पुण्यात शिकतो, त्यामुळं पगार झाला की तो आधी पुण्याला जातो आणि उरलासुरला आम्हाला भेटायला येतो. अशा घरातल्या बाईनं सोमवार ते शनिवार रोज झकपक दिसावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. फक्त माझी होती!

आणि मी दिसत होते. आमच्या आठवडी बाजारात, मिरच्यांच्या रांगेच्या पलीकडं जुन्या कपड्यांचे ढीग पडतात. त्या ढिगात माझा उजवा हात कोपरापर्यंत गेला की मोकळा बाहेर येत नाही. कापड आधी उन्हाकडं धरायचं, म्हणजे विरलेलं कुठं ते कळतं. मग उलटं करून शिवण बघायची, काख बघायची, आणि शेवटी मन घट्ट करून वास घ्यायचा. घरी आणलं की रात्रभर मिठाच्या पाण्यात आणि दिवसभर उन्हात. पुरुषाचा ढगळ पांढरा शर्ट बाह्या दुमडून सुती साडीवर घातला की सोमवार झाला. जुन्या साडीचे काठ साध्या कुडत्याला लावले की मंगळवार. पडद्याच्या कापडाचा परकर कुणाला ओळखू येत नाही, तो बुधवार!

लायब्ररीतल्या शिंदे मॅडम रोज चष्म्यावरून बघायच्या.

"विमलताई, हे कुठून घेतलं हो?"

"पुण्याहून. मुलानं पाठवलंय."

(मुलगा स्वतः गुडघ्यावर फाटलेली पँट घालून हिंडतो. पण ते शिंदे मॅडमना कुठं ठाऊक?)

आमच्या शेजारी तानुआक्का राहते. वय ब्याऐंशी, डोळ्यांनी अधू, पण आवाज असा की ती गल्लीच्या या टोकाला खाकरली की त्या टोकाची पोरं अभ्यासाला बसतात. तिची सून शीतल, गरीब स्वभावाची, सासूला टरकून असणारी. गेल्या दिवाळीआधी आक्का पंधरा दिवस लेकीकडं मलकापूरला गेली आणि शीतलनं घराची साफसफाई काढली. तेवढ्यात भांडीवाली आली. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. शीतलनं भिंतीवरून हाक मारली.

"काकू, जरा या की. ही बाई एवढ्या कपड्यांवर वाटी द्यायला लागलीया."

भांडीवालीशी घासाघीस करण्यात गल्लीत माझा हात धरणारं कुणी नाही. मी पदर खोचून गेले. समोर तिच्या नवऱ्याच्या पँटी होत्या, दोन चादरी होत्या आणि एका विटक्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"ह्यात काय आहे गं?"

"आत्तींच्या ट्रंकेत तळाला होतं. जुनंपानं काय तरी असंल." (सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात.)

मी अभ्र्यात हात घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि बोटांना इरकल लागलं! डाळिंबी, नऊवारी, जाडजूड पोताचं, लालभडक पदराचं. एकदासुद्धा नेसलेलं दिसत नव्हतं. त्या क्षणी माझ्यातल्या शेजारणीनं 'शीतल, आक्काला विचारलंस का?' असं म्हणायला हवं होतं. पण शेजारीण मागं राहिली आणि ढीग उपसणारी बाई पुढं झाली. अर्धा तास भांडून मी शीतलला झाकणाचा मोठा डबा आणि वर एक झारा मिळवून दिला. शीतलनं माझे उपकार मानले. मग मी मागच्या बोळातून पळत जाऊन कोपऱ्यावर भांडीवालीला गाठलं आणि तेच इरकल ह्यांचे दोन शर्ट देऊन सोडवलं.

नऊवार म्हणजे केवढं कापड! मला कुडता झाला. ह्यांना आणखी एक बिनबाह्यांचं जाकीट झालं. पदराची ओढणी करून ती शिंदे मॅडमना वाढदिवसाला दिली. (पुण्याहून!) उरल्या तुकड्याची खांद्याला अडकवायची पिशवी झाली. एक धागा म्हणून वाया घालवला नाही, आणि त्या आठवड्यात माझ्यासारखी हुशार बाई साऱ्या जिल्ह्यात नाही अशी माझी खात्री पटली होती.

आक्का मलकापूरहून परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडता घालून कॉलेजला निघाले, तर ती कट्ट्यावर ऊन खात बसलेली.

"इमल हाईस व्हय? हिकडं ये. लय दिसांनी दिसलीस."

मी जवळ गेले. तिनं सवयीनं माझा हात धरला, मग बाही चाचपली.

"पोत लय झ्याक हाय गं. माझ्या भावानं, मारुतीनं आणल्यालं लुगडं अक्षी आसंच हाय. थांब, दावते तुला."

आणि आक्का उठून आत गेली.

मी काय केलं? मी कॉलेजला पळाले! कोपऱ्यावर पोचते तोवर मागून आक्काची किंकाळी ऐकू आली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मला वळून बघायचा धीर झाला नाही. त्या दिवशी लायब्ररीत मी इतिहासाची पुस्तकं पाककृतींच्या कपाटात लावली.

संध्याकाळी चोरासारखी घरी आले, तर फाटकातच शीतल उभी. डोळे रडून सुजलेले. "काकू, आत्ती सकाळपासनं जेवल्या न्हाईत. चला, तुमीच समजवा." आणि माझ्या अंगात तो कुडता! तिचं लक्ष जायच्या आत मी दोरीवरची वाळत घातलेली चादर ओढली आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून घेतली. ऑक्टोबरचं उतरतं ऊनसुद्धा नुसतं भाजत होतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला माझा कुडता दिसला नाही, पण चादरीचं गाठोडं दिसलं.

"थंडी वाजतिया व्हय इमल?"

"व्हय आक्का. हुडहुडी भरलीया."

"शीतल, तिला काढा दे गं आलं घालून." स्वतःच्या पोटात सकाळपासून कण नव्हता, आणि ती मला काढा द्यायला सांगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आक्का सांगायला लागली. तिचं माहेर आटपाडीच्या बाजूचं. पाठचा एकच भाऊ, मारुती, मेंढरं राखायचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी भाऊबिजेला तो यष्टीनं आला आणि हे लुगडं घेऊन आला. "म्हणला, आक्के, नेस आन मला दाव. म्या म्हणलं, येड्या, एवढं भारी लुगडं रोज नेसत्यात व्हय? वर जाताना नेसीन. त्यो गप बसला. म्होरच्या पावसाळ्यात त्योच गेला."

आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. आणि आक्काच्या माहेरात आता कुणी उरलं नव्हतं. ना भाऊ, ना भाचा. दारसुद्धा नव्हतं म्हणे, नुसत्या भिंती.

"दुसरं आणता येईल की आक्का," मी चादरीतून म्हणाले.

"कोण आणणार? बाजारात लुगडी गावत्यात. माह्यार गावतंय व्हय?" ती म्हणाली. "ते गावंपतूर माझ्या घशाखाली घास जायचा न्हाई. आन तसंच मरण आलं, तर त्यानं आणल्यालं नेसल्याबिगर त्याच्याम्होरं कशी उभी ऱ्हाऊ?"

काढा पिऊन घामाघूम होऊन मी घरी आले आणि कुडता काढून गादीखाली ठेवला. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी उपाशी झोपली होती आणि तिच्या भावाची शेवटची आठवण माझ्या गादीखाली होती. खरं सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. अकराव्या वेळी झोप लागली.

दुसऱ्या दिवशीही आक्का नुसत्या चहावर. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता आणि शीतल सकाळीच दारात. "काकू, भांडीवाली बाजारात बसती. तिला गाठूया. तुमी असला की ती गुमान दील." तिनं माझा हात धरून मला ओढत नेलं. जन्मात पहिल्यांदा मी त्या बाजारात पाय ओढत जात होते. मिरच्यांच्या पलीकडं भांडीवाली बसलेलीच.

"बाई, त्या दिवशीचं लुगडं कुठं हाय?" शीतल काकुळतीला आली. "काय पायजे ते घ्या, डबा परत घ्या, झारा परत घ्या, पण तेवढं लुगडं द्या."

भांडीवालीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"अवो, मला काय इचारताय? ह्या वैनीच तर घिऊन गेल्या कोपऱ्यावरनं! दोन शर्ट दिलं मला. त्यातल्या एकाची तर पाठच न्हवती!"

शीतल माझ्याकडं बघत राहिली. आजूबाजूच्या मिरचीवाल्यासुद्धा बघत राहिल्या.

"काकू?"

"घरी आहे गं," मी म्हणाले. "म्हणजे... बरंचसं घरी आहे."

"बरंचसं म्हणजे?"

मी तिला कुडता सांगितला, पिशवी सांगितली, जाकीट आणि ओढणी सांगितली. मला वाटलं, ही आता माझ्या झिंज्या उपटणार. पण ती पोरगी मटकन खाली बसली. "आत्तींना कळलं की मी दिलं, तर मला त्या घरात तोंड दाखवाय जागा न्हाई काकू. तुमी कापलं, पण दिलं मीच की." तिला रडताना बघून मला माझ्या कात्रीचा मनापासून राग आला. "ऊठ," मी म्हणाले. "संध्याकाळच्या आत सगळं जोडून देते. नाही दिलं तर नावाची विमल नाही."

पहिला मुक्काम शिंदे मॅडम. त्यांना म्हटलं, "मॅडम, त्या ओढणीचा रंग जातो म्हणून पुण्याच्या दुकानानं माल परत मागवलाय."

"पण मी तीनदा धुतली, गेला नाही रंग."

"चौथ्यांदा जातो मॅडम. एकदम जातो!"

त्यांनी ओढणी दिली, पण बदल्यात मोरपंखी रंगाची हवी म्हणून कबूल करून घेतलं.

दुसरा मुक्काम कारखाना. तिथं एकाचा निवृत्तीचा समारंभ होता, आणि नेमके आमचे हे ते जाकीट घालून भाषणाला उभे होते. मी दारातून खुणा केल्या, जाकीट काढा, जाकीट काढा! ह्यांना वाटलं, भाषण छान चाललंय म्हणून मी हात हलवतेय. त्यांनी आणखी दहा मिनिटं वाढवलं. शेवटी खाली उतरल्यावर कोपऱ्यात घेतलं.

"जाकीट द्या आधी."

"इथं? अगं, आत शर्टाला पाठ नाही!"

हे माझ्या लक्षातच नव्हतं. जाकिटाखाली शर्टाची पाठ दिसत नाही, मग ते कापड फुकट का घालवायचं, म्हणून मी ह्यांच्या निम्म्या शर्टांच्या पाठी काढून कुडत्यांना अस्तर लावलं होतं. काटकसर म्हणतात ती हीच! ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की लग्नाला सव्वीस वर्षं झाल्याचं मला एकदम जाणवलं. मग सत्काराची उरलेली एक शाल मागून घेतली, ह्यांना लपेटली आणि जाकीट घेऊन सुटले. (शाल बघून चार लोकांनी ह्यांना निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या. अजून सहा वर्षं नोकरी आहे.)

दुपारभर मी मशीन हाणलं आणि शीतल हातशिलाई करत राहिली. कुडत्याचा गळा पिशवीच्या तुकड्यानं बुजवला. बाह्या उसवून सरळ केल्या. जाकिटाच्या पुढच्या बाजू तशाच आडव्या लावल्या, कारण वेळच नव्हता, आक्काला आता चक्कर यायला लागली होती. शेवटी जे काही तयार झालं त्याची मी अशी घडी घातली की वरून अखंड पदर दिसावा. विटका अभ्रा आणला, दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या.

"आत्ती, गावलं!" शीतल ओरडत आत गेली. "माळ्यावर होतं!"

आक्कानं दोन्ही हात पुढं केले. लुगडं मांडीवर घेतलं, वास घेतला, गालाला लावलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मारुत्या," एवढंच म्हणाली. शीतल रडली, मीही रडले. मी पळत जाऊन भाकरी आणि दूध आणलं. सगळं निभावलं होतं. आता फक्त तिनं लुगडं अभ्र्यात ठेवायचं होतं.

पण आक्काचा हात घडीवरून फिरायचा थांबेना. फिरता फिरता तो आत शिरला, आणि एका जागी मनगटापर्यंत गडप झाला. आक्कानं हात बाहेर काढला. तळव्यावर एक सुपारीचं खांड होतं आणि ह्यांच्या चष्म्याचा एक स्क्रू.

तिनं तो स्क्रू दोन बोटांत धरून चाचपला.

"इमल," आक्का म्हणाली, "लुगड्याला खिसा कवापासनं आला गं?"

शीतलनं माझा हात घट्ट धरला. आता मात्र मी खोटं बोलले नाही. आक्काच्या पायाशी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शीतल मध्ये मध्ये "मीच दिलं आत्ती" म्हणत होती आणि मी "मीच घेतलं" म्हणत होते. आक्कानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एकेक जोड बोटांनी चाचपत होती.

"ही बाही कुणाची?"

"माझी, आक्का."

"आन ह्यो खिसा?"

"ह्यांचा."

"आन ह्यो पदर?"

"शिंदे मॅडमच्या गळ्यात होता."

"म्हंजी," आक्का सावकाश म्हणाली, "माझ्या मारुतीचं लुगडं माझ्याबिगर समद्यांनी घातलं."

मी मान खाली घालून बसले.

"त्यो म्हणला व्हता, नेस आन दाव. म्या न्हाई नेसलं." ती बाहीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "त्यो असताना न्हाई, गेल्यावर बी न्हाई. डांबराच्या गोळ्यात घालून ठिवलं, मराय लागंल म्हणून. तू निदान घालून कालेजात तरी गेलीस." मग नाक पुसून ती म्हणाली, "उसव."

"काय उसवू?"

"समदं. लुगडं काय आता व्हत न्हाई त्याचं. त्ये जाकीट तेवढं नीट कर. माझ्या मापाचं. आन खिसा काढू नगं, मिश्रीच्या डबीला लागतोय."

शीतलनं दुधात भाकरी कुस्करली आणि आक्का जेवली.

भाऊबिजेच्या दिवशी तानुआक्का हिरव्या लुगड्यावर डाळिंबी इरकलाचं जाकीट घालून कट्ट्यावर बसली. काय दिसत होती! येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारायची, आक्का, कुठनं घेतलं? मी भिंतीआडून हात जोडत होते. आक्का साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माझ्या भावानं दिलंय. आन इमलीनं भांडीवालीकडनं सोडवून शिवलंय. ती पुणं-बिणं सांगती त्ये काय खरं न्हाई हां! समदं ढिगातलं असतंय तिचं!" दिवाळीची सुट्टी संपायच्या आत ही बातमी लायब्ररीत पोचली. शिंदे मॅडमनी मोरपंखी ओढणीचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याला आता वर्ष होईल. आक्का ते जाकीट घालून देवळात जाते, दवाखान्यात जाते, मलकापूरला लेकीकडं जाते. शेवटचं काय, असं शीतलनं एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "ह्येच घालून जाणार. त्यो वळखायचा न्हाई व्हय मला? पर आत्ताच न्हाई. आत्ता कुठं घालाय लागलीया." घरातल्यांना तिनं नीट बजावून ठेवलं आहे, जाकीट अंगावर असू द्यायचं, खिशात मिश्री असू द्यायची.

परवा मी तिथं बसले होते तेव्हा तिनं शीतलला जवळ बोलावून आणखी एक गोष्ट बजावली. "म्या गेल्यावर रडत बसू नगं. आधी हिच्याकडं ध्यान ठिव. न्हाईतर माझ्या अंगावरचं काढून घिऊन जाईल आन त्याचं बी कायतर शिवंल!"

सगळे खो खो हसले. मीही हसले, पण जरा उशिरा. कारण त्या जाकिटाच्या पाठीत एक पिशवी आणि वर चष्म्याचं घर बसतं, हे मी बसल्या बसल्या नुकतंच वितीनं मोजलं होतं.